श्रद्धा हवी, पण डोळस
(नरसिंहपूर येथील भाषण)



आज आपण नीरा-भीमेच्या संगमावर जमलों आहों. येथल्या देवाविषयीं लोक सांगतात कीं, प्रल्हादानें नदीच्या वाळूची मूर्ति स्वतःच्या हातानें केली व तिची पूजा केली. कथा खरी किती, हा वाद आम्ही आज घालीत नाहीं. पण तिचा अर्थ पाहा. प्रल्हाद दैत्याच्या कुळांतला पोर. त्याला ना मुहूर्त लागला, ना दक्षिणा, ना मधला दलाल. वाळू नदीची, हात स्वतःचे आणि भाव मनांतला. देवाकडे जाण्यास कोणाची चिठ्ठी लागत नाहीं, हेंच सांगण्यासाठीं जोतीराव फुले यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास सत्यशोधक समाज काढला.

कोणी म्हणेल, श्रद्धा देवळांतली. पोटाच्या धंद्यांत तिचें काय काम? आम्ही म्हणतों, तिच्यावांचून आपला एक दिवस चालत नाहीं. घरची बाई पोरांच्या तोंडचे दाणे राख लावून बियाण्यासाठीं मडक्यांत जपते. कुणबी तेच दाणे मातींत टाकतो. कुंभार महिन्याची मेहनत भट्टींत रचून आग लावतो. पूर्वीं लोहार-सुतार वर्षभर नांगर-पाभर नीट करीत, ते सुगीच्या बलुत्याच्या भरंवशावर. ही सारी श्रद्धाच होय. पण ती हात जोडून बसत नाहीं. ती कामाला लागते.

आतां दुसरी बाजू ऐका. आपल्या शेजारचें, बारामती तालुक्यांतलें सुपें गांव. आपल्या पणज्या-खापरपणज्यांनीं सावकाराच्या शब्दावर भरंवसा ठेविला. कागदांत काय लिहिलें आहे तें वाचतां येईना. अंगठे उठविले आणि जमिनी गेल्या. शेवटीं १२ मे १८७५ रोजीं सुप्यास शेतकरी उठले, सावकारांच्या वह्या व रोखे त्यांनीं जाळले. पुढें १८७९ सालीं कायदा झाला आणि रोख्याच्या मागचा खरा हिशेब तपासण्याची मुभा कोर्टास मिळाली. बंधूंनो, जो हिशेब कोर्टानें विचारला, तो आपण अंगठा देण्यापूर्वींच विचारला असता तर?

म्हणून आम्ही सांगतों, हिशेब विचारणें हा अविश्वास नव्हे. उसाची गाडी काट्यावर चढली कीं आकडा आपल्या डोळ्यांनीं वाचा. सोसायटीच्या कागदावर सही करण्यापूर्वीं घरांतल्या शिकलेल्या पोरीकडून तो वाचून घ्या. खरा माणूस विचारल्यानें रागावत नाहीं. जो रागावतो, त्याच्यापासून सावध राहा.

देवाच्या नांवाचेंही तसेंच. पोराला साप चावला तर मांत्रिकाच्या दारीं घटकाभरही बसूं नका, दवाखाना गांठा. दंश झालेल्यास औषधापासून अडवून मंत्रतंत्र करणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. कर्ज काढून नवस फेडूं नका. वाळूच्या मूर्तींत जो देव राहतो असें आपण मानतों, तो सावकाराच्या व्याजाचा भुकेला कसा असेल?

शेजाऱ्यास दिलेला शब्द पाळा, मापांत खोट करूं नका, पोरीला शाळेंतून काढूं नका. आपल्यावर दुसऱ्यानें विश्वास टाकावा असें वागणें, हीच आमच्या मतें रोजची पूजा. ती सोडून संगमावर कितीही बुडी मारली, तरी फक्त अंग भिजेल.