जुनी घरे आणि त्यांतली संग्रहालये
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी निम्म्याहून अधिक कुटुंबे रत्नागिरी-रायगडकडची. अंधेरी, जोगेश्वरी, घाटकोपरला दोन-तीन खोल्यांत राहायचे आणि गावी मोठे घर कुलूपबंद ठेवायचे, हा आपल्याकडचा रिवाजच झाला आहे. म्हणून आज मी एका बंद घरापासूनच सुरुवात करतो.

रत्नागिरीचा थिबा राजवाडा आपण पाहिला असेल. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीस आणून ठेवले. हा राजवाडा पुरा झाला 1910 साली, आणि 1916 च्या डिसेंबरात राजा वारला. म्हणजे चोवीस वर्षे दुसऱ्यांच्या बंगल्यांत काढल्यावर जेमतेम सहा वर्षे त्याला आपले म्हणावे असे घर लाभले. खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी जडजवाहीर विकावे लागले ते वेगळेच. त्याच्या आधी, 1858 साली, याच इंग्रजांनी बहादूरशाह जफरला दिल्लीहून रंगूनला नेले होते. तो 1862 साली तिथेच अल्लाला प्यारा झाला. त्याची खरी कबर कोठे आहे, हे 1991 साली खोदकामात विटांचे बांधकाम लागले तेव्हा कळले. दिल्लीचा बादशहा रंगूनला, ब्रह्मदेशचा राजा रत्नागिरीला! शाळेच्या इतिहासात हे दोन धडे एकमेकांशेजारी का छापत नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटते.

पुढे राजवाड्यात काही काळ सरकारी तंत्रनिकेतनाचे वर्ग भरले. आता तेथे शासनाचे संग्रहालय आहे. लाल रंगाची, उतरत्या छपरांची, खाडीकडे तोंड केलेली ती इमारत उभी आहे. पण आत राजाचे सामान फारसे नाही. घर राहिले, संसार गेला.

हैदराबादला नेमके उलटे घडले. तिसरे सालारजंग मीर यूसुफ अली खान 1949 साली निवर्तले, अविवाहित. त्यांचा अफाट संग्रह त्यांच्याच दिवाण देवडीत मांडला गेला आणि 1951 साली पंडित नेहरूंच्या हस्ते लोकांसाठी खुला झाला. 1968 साली सर्व वस्तू मुसा नदीकाठच्या नव्या इमारतीत गेल्या. वस्तू सुखरूप राहिल्या. ज्या देवडीत त्या नांदत होत्या, तिचा मात्र बहुतेक भाग पाडला गेला.

घर आणि सामान दोन्ही एकत्र राखण्याची युक्ती इंग्रजांनी काढली, तीही नाइलाजाने. 1894 पासून वारसाकर वाढत गेला, तशी खेड्यापाड्यांतली मोठी घरे जमीनदारांना परवडेनात. त्यांच्या नॅशनल ट्रस्टने 1937 च्या कायद्याने अशी सोय केली की, मालकाने घर आणि त्याच्या देखभालीपुरते उत्पन्न संस्थेला द्यावे, कुटुंबाने तेथेच राहावे, आणि ठरल्या दिवशी लोकांना आत येऊ द्यावे. यातली मेख उत्पन्नात आहे. नुसते घर दान केले तर पहिल्या चार पावसाळ्यांतच ते संस्थेच्या गळ्यात पडते. वेल्समधल्या पॉविस किल्ल्यात क्लाइव्ह घराण्याने नेलेल्या हिंदुस्थानी वस्तू आहेत. टिपू सुलतानाचा तंबू त्यांतच आहे. त्या तिथे कशा पोहोचल्या, हा प्रश्न आता खुद्द इंग्रजच विचारू लागले आहेत. 2020 साली नॅशनल ट्रस्टने आपल्या घरांचे वसाहतींशी आणि गुलामीशी असलेले संबंध सांगणारा अहवाल काढला, त्यावर तिकडे बरेच वादळ झाले.

आपल्याकडचे मला आवडलेले उदाहरण सावंतवाडीचे. तिथल्या राजेसाहेबांनी आणि राणीसाहेबांनी 1970 नंतरच्या काळात, मरू घातलेली गंजिफा राजवाड्यातच पुन्हा जिवंत केली. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. हा खेळ इराणकडून मोगलांबरोबर आला, शब्दही फारसी. मोगल गंजिफेची पाने 96, आणि इकडे दशावतारी झाली तेव्हा 120. दरबाराच्या जागेत कारागीर बसून काम करतात, आणि येणारा माणूस ते पाहतो. मुरूडला नवाबांचा अहमदगंज राजवाडा आहे, तो खाजगी असल्याने आपण रस्त्यावरूनच पाहायचा.

आता राजेरजवाडे सोडून आपल्या ओटी-पडवीकडे येऊ. आमच्या घराचा मुख्य दरवाजा सागवानी, चौकटीवर वेलबुट्टी. मरहूम आजोबा जहाजावर नोकरीला होते. बसऱ्याहून आणलेली सुरई, त्यांचा पेटारा, नोकरीचे दाखले, सगळे माळ्यावर. दोन वर्षांपूर्वी जुन्या सामानाचा एक व्यापारी गावात आला आणि नुसत्या दरवाजाची चांगली किंमत देऊ लागला. कुवेतचा चुलतभाऊ फोनवर म्हणाला, "घर पडतंच आहे, दरवाजा तरी कामी येईल." तो चुकीचे बोलत नव्हता. हिस्सेदार अकरा, आणि कौले शाकारायला पैसे एकाचे. अशाच घरांचे खांब आणि झोपाळे ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या दुकानांत मी पाहिले आहेत. तिथे त्यांना गावाचे नाव नसते, माणसाचेही नसते.

एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने मोलाचे हस्तलिखित खाजगी माणसाला परदेशी नेता येत नाही. तेव्हा आखाताकडे निघालेल्या सामानात आजोबांची हस्तलिखिते ठेवण्यापूर्वी विचार करावा.

प्रत्येक घराचे संग्रहालय होणार नाही, आणि होऊही नये. माणसांना पैसा लागतो, मुलींच्या शिक्षणाला लागतो. पण गावातले एक घर, त्याच्या सगळ्या हिस्सेदारांनी संमतीचा कागद केला तर, दोन खोल्यांपुरते तरी राखता येईल. बाकीच्या घरांतल्या वस्तू तिथे ठेवाव्यात. दुरुस्तीसाठी दरसाल वर्गणी आधी ठरवावी, उद्घाटन मागाहून. विद्यार्थ्यांनी मेच्या सुट्टीत एक वही घ्यावी आणि आजीला विचारून लिहावे: वस्तू कोणती, कोणी आणली, कोठून, कशासाठी वापरत. आजीकडे वेळ असतो. आपण विचारत नाही एवढेच.

आमच्या घरी अशी वही माझ्या नातीने सुरू केली. सदतीस वस्तू लिहून झाल्या. सुरई बसऱ्याची नव्हे, मस्कतची निघाली. माझ्या आत्याने नव्वदीत ती चूक दुरुस्त केली. अकरांपैकी सात हिस्सेदारांच्या सह्या झाल्या आहेत, चुलतभावाची अजून व्हायची आहे. दरवाजा तूर्त जागेवर आहे.