उंबरठ्यापलीकडची साधना

वऱ्हाडात, शेणगावी, १८७६ साली डेबूजी जानोरकरांचा जन्म झाला. मामाच्या घरी राहून ते शेतीत निष्णात झाले. संसार बसला, मुलेबाळे झाली. त्या स्थैर्यातून ते १९०५ साली बाहेर पडले. तेच पुढे गाडगेबाबा. त्यांनी रानातला एकांत पत्करला नाही. दिवसा अनोळखी गावचे रस्ते झाडावे, रात्री कीर्तनातून लोकांना जागे करावे, हा त्यांचा नेम. पंढरपूर, नाशिक येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या; स्वतः झोपडीत राहिले. आपले सुख सोडणे हा साधनेचा आरंभ होय. ते दुसऱ्याच्या पदरी घालणे ही तिची पूर्तता. मठाच्या वर्धापनदिनी प्रत्येक साधकाने स्वतःस विचारावे : उंबरठ्याबाहेरचे आपले पाऊल कोणाच्या उपयोगी पडते?