शक्ती आणि पकड



लोधिवलीच्या श्रोत्यांपुढे मोटारींवर बोलणे हे धाडसच होय. जुना मुंबई-पुणे रस्ता आपल्या दारावरून जातो आणि पुढे खोपोलीपाशी बोरघाट उभा आहे. १८३० साली गाड्यांना खुल्या झालेल्या त्या घाटातून आता पाचशे अश्वशक्तीची मोटारही जाऊ शकते. एवढ्या शक्तीचे करायचे काय?

थोडा हिशेब मांडू. ताशी ६० किलोमीटर वेगाला ५०० अश्वशक्ती पूर्ण लावली, तर चाकांपाशी सुमारे २२५० किलोग्रॅमचा रेटा पडतो. मोटार १६०० किलोग्रॅमची आणि शक्ती मागच्या चाकांनाच मिळत असेल, तर त्यांवर वजन निम्मे, वेग घेताना थोडे अधिक. कोरड्या डांबरावर टायर साधारण आपल्यावरील वजनाइतकाच रेटा पेलतो. पावसात त्याच्या निम्म्यावर येतो. बाकीचा जोर चाक नुसते गरगर फिरवतो, आणि असे चाक गाडीला आडवे सरकण्यापासूनही रोखीत नाही. वळणावर गाडीची शेपटी फिरते ती यामुळे.

वळताना बाहेरचे चाक अधिक फिरावे म्हणून डिफरन्शियल असतो. त्याची खोड अशी की, एक चाक चिखलात गेले की तेच फिरत राहते आणि कोरड्यावरचे स्वस्थ बसते. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल ही खोड बरीच मोडतो. पण दोन्ही चाके निसरड्यावर असली तर तोही हतबल.

ट्रॅक्शन कंट्रोलची युक्ती निराळी. प्रत्येक चाकाचा वेग मोजायचा. एखादे फाजील फिरू लागले की इंजिनाचा जोर कमी करायचा, नाहीतर त्याच चाकाला ब्रेक लावायचा. बॉशने १९७८ साली आणलेल्या अँटिलॉक ब्रेकचेच हे भावंड. काही गाड्यांत किती घसरू द्यायचे तेही बटणाने ठरवता येते, कारण शेकडा दहा-पंधरा घसरण पकडीला पोषकच असते.

आपले रेल्वेवाले हे फार पूर्वीपासून जाणतात. ३७ फुटांत एक फूट अशा चढासाठी कर्जतला गाडीमागे जादा इंजिने जोडतात; त्याने शक्ती वाढते, तशी रुळांवर रेटा देणारी चाकेही वाढतात. चाक घसरले तर इंजिन रुळांवर वाळू सोडते.

मोटारीला वाळू नाही. म्हणून पैसे खर्चायचेच तर आधी टायरांवर खर्चावेत. तरुण मंडळी गाडी ‘बांधल्यासारखी’ वाटते म्हणून ट्रॅक्शन कंट्रोलचे बटण बंद करतात. आषाढातल्या घाटात तरी ते चालूच असू द्यावे. मात्र उतारावर त्याचा फारसा उपयोग नाही. तेथे खालचा गियर आणि न झिजलेले टायर हवेत.