अडगळीतील संगणक आणि आपण
(केंद्र संमेलनातील भाषण)



शाळांत नवी साधने येत असता जुन्या संगणकांची चिंता कशासाठी करावयाची, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. एका यंत्राच्या निमित्ताने मी त्याचे उत्तर देऊ इच्छितो.

इंग्लंडमधील केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीने बीबीसीच्या संगणक साक्षरता उपक्रमासाठी १९८१ च्या डिसेंबरात ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक बाजारात आणला. त्याच्या ‘बी’ नमुन्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइट होती. आपल्या देशात १९८४-८५ साली ‘क्लास’ ही शालेय संगणक योजना सुरू झाली, तेव्हा निवडक शाळांना हेच यंत्र देण्यात आले. मी त्या वेळी हायस्कुलात शिकत होतो. वहाणा बाहेर काढून आम्ही संगणकाच्या खोलीत जात असू. कळ दाबताच आधी एक खालचा व लगेच एक वरचा सूर निघे, पडद्यावर दोन-तीन ओळी उमटत आणि यंत्र आमच्या आज्ञेची वाट पाहत थांबे. दोन ओळींची आज्ञा लिहून मी स्वतःचे नाव पडदाभर उमटविले, तो दिवस मला आजही आठवतो. यंत्र सांगू तेवढेच करते व चुकले तर आपले सांगणे तपासावे लागते, हा धडा मला तेथे मिळाला.

पुढे अधिकारी म्हणून एका शाळेच्या तपासणीस गेलो असता निर्लेखनाच्या यादीत असे दोन संगणक आढळले. उत्साहाच्या भरात मी तत्काळ वीज जोडली. दोन्ही सूर निघाले व मुलांनी टाळ्या वाजविल्या. मग कपाटातील एक तबकडी, म्हणजे फ्लॉपी, मी यंत्रात घातली. तिच्यावर बुरशी होती, ती वाचक-शीर्षाला चिकटली आणि पाठोपाठ घातलेली दुसरी चांगली तबकडी खरवडली गेली. तिच्यावर जुन्या विद्यार्थ्यांनी केलेले कार्यक्रम होते, ते कायमचे गेले. इतक्यात यंत्राच्या मागून उग्र वासाचा धूर निघाला. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. परंतु मुले हातभर अंतरावर उभी होती. दोष यंत्राचा नव्हता, माझ्या घाईचा होता.

तेव्हा अनुभवाने शिकलेल्या गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट, बंद पडून राहिलेल्या यंत्रास वीज जोडू नये. या संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या पेटीत विजेच्या मुख्य तारांवर कागदी कपॅसिटर बसविलेले असतात. वयोमानाने त्यांच्या आवरणास तडे जातात, त्यांत दमट हवा शिरते आणि वीज मिळताच ते जळून धूर होतो. जाणत्या कारागिराकडून ते आधी बदलून घ्यावेत व त्याच प्रमाणाचे ‘एक्स-२’ वर्गाचे नवे बसवावेत. वीज काढल्यावरही त्या पेटीत काही काळ विद्युतभार राहतो. जुन्या काचेच्या पडद्याच्या मॉनिटरमध्ये तर तो हजारो व्होल्टचा असू शकतो. म्हणून या दोन्ही वस्तू शिक्षकाने स्वतः उघडू नयेत, मुलांना तर हातही लावू देऊ नये.

दुसरी गोष्ट, पहिलाच सूर सतत वाजत राहिला तर यंत्र मेले असे समजू नये. वीज काढून, झाकण उघडून, खाचांत बसविलेल्या चिपा बोटाने हलकेच घट्ट दाबाव्यात. उष्णतेने व ओलाव्याने त्यांची पकड सैल होते, आणि पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते. तिसरी गोष्ट, बुरशीची तबकडी यंत्रात घालू नये. चांगल्या तबकड्यांवरील मजकुराची नक्कल आधी करून घ्यावी, दुरुस्ती मागाहून.

आपल्या प्राथमिक शाळांत बीबीसी मायक्रो नसेल. परंतु दहा-पंधरा वर्षांपूर्वी मिळालेले संगणक अनेक शाळांत कापडाखाली झाकलेले आहेत. धूळ, ओल आणि उंदीर हे त्यांचेही वैरी होत. संगणक प्रत्येक वेळी चुकीची तारीख दाखवू लागला, तर बहुधा आतील बटणासारखा सेल संपलेला असतो. तो बदलण्यास फारसा खर्च येत नाही. चालू स्थितीतील संगणक महिन्यातून एकदा तरी सुरू करावा. केलेली दुरुस्ती तारखेनिशी एका वहीत लिहावी, म्हणजे आपली बदली झाल्यावर येणाऱ्या शिक्षकास ती उपयोगी पडेल. जे खरोखरच निकामी आहे, त्याचे रीतसर निर्लेखन करून ते नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडेच द्यावे. उघड्यावर जाळले असता त्याचा विषारी धूर होतो.

इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्क येथील राष्ट्रीय संगणक संग्रहालयात बीबीसी मायक्रोंचा एक वर्गच चालू स्थितीत राखला आहे आणि शाळकरी मुले तेथे येऊन त्यांवर आज्ञा लिहितात. आपणांस एवढा व्याप करावयाचा नाही. जडसंग्रह नोंदवहीतील प्रत्येक संगणक या महिन्यात कपाटातून बाहेर काढून, वीज न जोडता, एकदा नीट पाहावा आणि त्याची स्थिती लिहून पुढील संमेलनास आणावी, एवढीच माझी आपणांस विनंती आहे. आपण वस्तू कशी हाताळतो हे मुले पाहत असतात, याचे स्मरण असू द्यावे.

जय हिंद.