आगगाडीने युरोप
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. हळदीकुंकवाला बोलते तितकेच माझे बोलणे. पण "तू युरोपात जाऊन आलीस, काय पाहिलेस ते सांग," असा आग्रह झाला, म्हणून उभी आहे. शिक्षण माझे सातवीपर्यंतचे. बोलणे लांबले तर खुशाल घंटा वाजवावी.

2025 च्या मे महिन्यात आम्ही दोघे सोळा दिवस गेलो होतो. आमच्या यजमानांना ऐकू फार कमी येते हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहेच. डबे दुरुस्त करण्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून त्यांचा जन्म हातोड्यांच्या आवाजात गेला. कानाला यंत्र आहे, पण गर्दीत ते सगळाच गलका मोठा करते, म्हणून हे ते काढून खिशात ठेवतात. त्यामुळे आम्ही जातो म्हटल्यावर जो तो म्हणू लागला, "ह्यांना ऐकू येत नाही, तुला इंग्रजी येत नाही, तेव्हा टूर कंपनीबरोबर जा." पण तिथे दिवसभर बसमध्ये कोंडून घ्यायचे, आणि माहिती सांगणारा माईकवर बोलणार. जे ऐकूच येणार नाही त्याचे पैसे कशाला भरायचे? आणि आगगाडी हे तर ह्यांचे जन्माचे वेड! तेव्हा आपले आपणच, आगगाडीने जायचे ठरले.

पैसे कोठून आणले हेही काहींनी विचारले आहे. स्वयंपाकघर नवे करायचे म्हणून मी भिशीचे पैसे साठवले होते. ओटा अजून जुनाच आहे.

फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली, ऑस्ट्रिया ह्या साऱ्यांना मिळून एकच शेंगेन व्हिसा चालतो. त्यासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि आजारपणाचा 30,000 युरोंचा विमा उतरावा लागतो. गाड्यांसाठी युरेल पास काढला. महिन्याभरात कोणतेही चार दिवस प्रवास करायचा, असा तो पास. तो मोबाईलमध्येच असतो. मात्र पास आहे म्हणून प्रत्येक गाडीत बसता येते असे नाही. फ्रान्सच्या वेगवान गाड्यांना आणि इटलीच्या लांबच्या गाड्यांना जागा आधी राखून ठेवावी लागते, तिचे पैसे वेगळे. खाण्याचे म्हणाल तर दुधाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत, म्हणून पेढे घरी ठेवले. भाजणी, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी नेली. पावाला मेतकूट काय सुरेख लागते म्हणता!

आणखी एक तयारी मी केली. मुलाकडून गावांची नावे काढून घेतली आणि वहीत लिहिली. आपण व्हिएन्ना म्हणतो, पण तिथल्या पाटीवर 'वीन' असते. व्हेनिसचे 'व्हेनेत्सिया'. त्यातही पुन्हा मेस्त्रे हे स्टेशन खाडीच्या अलीकडे आणि सांता लुचिया पलीकडे, खऱ्या शहरात. पाटीवर जशी अक्षरे असतात तशी एका बाजूस काढली आणि उच्चार आपल्या लिपीत दुसऱ्या बाजूस. इंग्रजी येत नसले तरी अक्षराशी अक्षर जुळवता येतेच की!

पॅरिसबद्दल तुम्ही सिनेमात पाहिले आहे त्याहून अधिक मी काय सांगणार? आयफेल मनोरा पाहिला, पाय दुखले. तिथून झुरिकची गाडी गार द लियाँ नावाच्या स्टेशनातून सुटते. पॅरिसला दिशेदिशेची मोठी स्टेशने निरनिराळी आहेत, आपल्या बोरीबंदर-मुंबई सेंट्रलसारखी. ताशी 300 किलोमीटरहून अधिक वेगाने गाडी जाते, पण पेल्यातले पाणी हलत नाही.

स्वित्झर्लंडच्या स्टेशनांवर फलाटावर जायला फाटक नाही, तिकीट गाडीतच तपासतात. तिथली घड्याळे पाहण्यासारखी आहेत. तांबड्या रंगाचा सेकंदकाटा, त्याच्या टोकाला तांबडी चकती. हा काटा साडेअठ्ठावन सेकंदांतच फेरी पुरी करतो आणि वर येऊन क्षणभर थांबतो. मिनिटकाटा पुढे सरकला की मग हा चालू लागतो. हान्स हिल्फिकर नावाच्या इंजिनियराने 1944 साली हे घड्याळ बनवले. आम्ही दोघे बाकावर बसून पाच-सात मिनिटे नुसता तो काटाच पाहत होतो. ह्यांच्या सोयीची गोष्ट म्हणजे, तिकडे गाडी, फलाट, डबा फलाटाच्या कोणत्या भागात उभा राहील, सारे फलकावर लिहिलेले असते. कान नसला तरी डोळ्यांनी काम भागते.

झुरिकहून इटलीकडे जाताना गोथार्डचा बोगदा लागतो. 57 किलोमीटर लांब, जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा, 2016 साली सुरू झाला. वीस मिनिटे बाहेर नुसता काळोख. समोरची माणसे पुस्तके वाचत होती. ह्यांनी मात्र बोगदा सुरू झाल्याबरोबर तळहात काचेच्या खालच्या पत्र्यावर टेकवला, तो उजेड येईपर्यंत काढला नाही. मला म्हणाले, "अगं, कुठे सांधाच नाही!" रुळांचे सांधे ह्यांना हातानेच कळतात. कानाने ऐकणारी मी, मला काहीच कळले नव्हते.

पुढे इटलीतल्या एका मोठ्या स्टेशनात व्हेनिससाठी गाडी बदलायची होती. फलकावर नऊ नंबरचा फलाट आला, आम्ही तिथे जाऊन उभे राहिलो. एवढ्यात कर्ण्यावर काही सांगितले आणि लोक पटापट बॅगा उचलून निघाले. हे आपले शांतपणे इंजिन पाहत उभे! इटालियन मला कुठले समजायला! पण फलाटाच्या तोंडाशी असलेल्या पाटीकडे पाहिले, तर वहीतली अक्षरे तिथून गेली होती. जवळच्या एका बाईंना वही उघडून 'व्हेनेत्सिया' दाखवले. त्यांनी दोन्ही हातांची बोटे उघडली, मिटली आणि पुन्हा सात दाखवली. सतरा! "अहो," म्हणून हाक मारण्यात अर्थ नव्हता. सरळ हात धरला आणि ओढत पळाले. लग्नाला चोवीस वर्षे झाली, चारचौघांत आम्ही कधी हात धरला नव्हता, आणि धरला तो असा! गाडीत बसल्यावर दोन मिनिटांतच ती हलली. ती गाडी चुकती तर राखलेली जागा गेली असती, आणि रात्री कोठे राहायचे हा प्रश्न होता. ह्यांनी घाम पुसला, खिशातले यंत्र काढून कानाला लावले आणि म्हणाले, "आता वही तुझ्याजवळ आणि मी तुझ्यामागे."

व्हेनिसला आगगाडी पाण्यावरच्या जवळजवळ चार किलोमीटर लांबीच्या पुलावरून जाते. तो 1846 सालचा. गावात मोटार नाही, सायकलसुद्धा नाही. भाजी होडीतून येते, कचरा होडीतून जातो. सुंदर आहे, पण प्रत्येक पूल पायऱ्यांचा. गुडघे दुखणाऱ्या भगिनींनी विचार करून जावे.

व्हिएन्नाला जाताना सेमरिंगचा घाट लागला. कार्ल गेगा ह्या इंजिनियराने तो बांधला, 1854 साली पुरा झाला. गेगा जन्माने व्हेनिसचाच. आपला बोरघाट 1863 चा. त्यामुळे हे खिडकीला नाक लावून खंडाळ्याशी ताडून पाहत होते, आणि मला प्रत्येक कमान दाखवीत होते.

व्हिएन्नाचे राजवाडे मोठे आहेत, पण मला आवडले ते तिथले पाणी. 1873 सालापासून डोंगरातल्या झऱ्यांचे पाणी नळाने शहरात आणले आहे, आणि ते पंपाशिवाय, उतारानेच येते. नळाखाली पेला धरावा नि प्यावे. टँकरची वाट पाहणाऱ्या आपण बायकांना राजवाड्यापेक्षा ह्याचेच नवल अधिक! उलट स्टेशनातल्या संडासाला मात्र पुष्कळ ठिकाणी पैसे पडतात, म्हणून सुटी नाणी जवळ ठेवावीत आणि गाडीतला संडास सोडू नये, तो फुकट असतो.

माझी वही सध्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे आहे. त्या उभयता पुढच्या महिन्यात निघत आहेत. त्यांनी प्राग आणि बर्लिनची पाने त्यात वाढवली आहेत. वही परत आली की ज्यांना हवी असेल त्यांनी दुपारी तीननंतर घरी यावे.