छायाचित्रांची रोजकीर्द आणि खतावणी



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपणांपैकी काहींच्या मनात असे आले असेल की, फोटो नीट लावून ठेवणे हा काय व्याख्यानाचा विषय झाला? फोटो काढावा, पाहावा, आप्तेष्टांना दाखवावा. त्यात शास्त्र कसले? पन्नास वर्षांपूर्वी कोणी असे विचारले असते, तर आम्हांलाही ते पटले असते. परंतु मधल्या काळात एक मोठी उलटापालट झाली आहे. पूर्वी छायाचित्र काढणे कठीण होते आणि सांभाळणे सोपे होते. आज काढणे सोपे झाले आहे आणि सांभाळणे कठीण. हे ओळखून आपण सवयी बदलल्या नाहीत, तर ज्या पिढीने सर्वांत अधिक फोटो काढले, तिचेच फोटो तिच्या नातवंडांना ओळखू येणार नाहीत, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

१८३९ साली पॅरिस येथे दागेरची कृती जाहीर झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकी एक. तेव्हापासून दीडशे वर्षे प्रत्येक चित्रामागे काच, कागद किंवा फिल्म यांचा खर्च होता. अनेक मराठी घरांत एके काळी असलेल्या ‘अ‍ॅग्फा क्लिक थ्री’ कॅमेऱ्यात एका रोळावर १२ फोटो निघत. बाराच निघणार म्हटल्यावर माणूस दहा वेळा विचार करी. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी फिल्मवाचून चालणारा कॅमेरा जुळवला. त्यास एक चित्र कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद लागत. आज खिशातला फोन तेच काम डोळ्याचे पाते लवण्याआधी करतो, आणि फुकट करतो. खर्चाने आपल्यावर जो लगाम घातला होता तो सुटला. आता तो आपणच आपल्या हाती घ्यावयास हवा.

हे काम आम्ही पाच पायऱ्यांनी सांगतो: उतरवणे, निवडणे, नोंदणे, संपादणे आणि जपणे. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली पायरी उतरवण्याची. समारंभ संपला की कॅमेऱ्याच्या कार्डावरचे आणि घरातील सर्वांच्या फोनमधले फोटो एका ठिकाणी आणावेत, आणि ते दोन ठिकाणी उतरल्याची खात्री होईपर्यंत कार्ड पुसू नये. येथे एक इशारा देतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून सहज पाठवलेले चित्र लहान होऊन येते, आणि काढल्याची तारीख-वेळ वगैरे जी माहिती कॅमेरा चित्राच्या पोटात लिहून ठेवतो, ती वाटेत गळून पडते. आलेला फोटो ही नक्कल. मूळ पाठवणाऱ्याकडेच राहिले. म्हणून महत्त्वाचे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावेत.

दुसरी पायरी निवडण्याची, आणि आमच्या मते सर्वांत कठीण. उत्साही माणूस पहिलाच फोटो उघडून त्याचा उजेड दुरुस्त करावयास बसतो आणि विसाव्या फोटोपाशी कंटाळून उठतो. साधा हिशेब पाहा. एका लग्नाचे २,००० फोटो आहेत. प्रत्येकावर पाच मिनिटे खर्चावयाची म्हटली, तर १०,००० मिनिटे, म्हणजे सुमारे १६७ तास होतात. उलट प्रत्येक फोटो तीन सेकंद पाहून ‘ठेवावा’ किंवा ‘टाकावा’ एवढेच ठरवले, तर १०० मिनिटांत ढीग चाळून होतो. त्यातून ६० निवडले आणि त्यांवर प्रत्येकी पाच मिनिटे दिली, तर पाच तास पुरतात. गव्हातले खडे आधी निवडतात, दळण मागाहून होते. हलके-धुरकट फोटो पहिल्या चाळणीत जावेत, एकसारख्या पाच फोटोंपैकी चार दुसऱ्या चाळणीत. मात्र एक अपवाद ठेवावा. ज्या फोटोत एखाद्या वृद्ध माणसाची मुद्रा त्याच एकदा आली आहे, तो अस्पष्ट असला तरी टाकू नये. तेथे कलेचे माप लावायचे नसते.

तिसरी पायरी नोंदीची. येथे आपल्या जुन्या पेढ्यांची रीत कामी येते. पेढीवर रोजकीर्द असे आणि खतावणी असे. व्यवहार ज्या दिवशी झाला त्या तारखेला रोजकीर्दीत एकदाच चढे; पण खतावणीत ज्या ज्या खात्यांशी त्याचा संबंध, त्या त्या खात्यांत त्याची नोंद होई. फोटोंचेही असेच करावे. संगणकातील कप्पे तारखेप्रमाणे लावावेत, ही रोजकीर्द. कप्प्याचे नाव ‘२०२४-०५-१२ मुंज’ असे, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, या रीतीने लिहावे. दिवस आधी लिहिला, तर संगणक १ जानेवारी आणि १ डिसेंबर यांना शेजारी बसवतो.

खतावणी म्हणजे फोटोला जोडलेले सूचक शब्द: माणसे, गाव, प्रसंग. मुंजीतल्या एकाच फोटोत आजी आहेत, वाड्याची ओसरी आहे आणि मुंजा मुलगा आहे. पुष्कळ लोक त्याच्या तीन प्रती करून तीन कप्प्यांत टाकतात आणि पुढे कोणती खरी ते विसरतात. प्रत एकच ठेवावी आणि तिला तीन शब्द जोडावेत. मग ‘आजी’ शोधले की तो सापडतो, ‘वाडा’ शोधले की तोच सापडतो. लाइटरूम, तसेच विनामूल्य मिळणारे डिजिकॅम आणि डार्कटेबल, या सर्वांत ही सोय आहे.

कोणी म्हणेल, आता यंत्रच चेहरे ओळखते. मग नावे कशाला लिहावयाची? यंत्र चेहरा ओळखते म्हणजे ‘या चाळीस फोटोंतली बाई एकच दिसते’ एवढे सांगते. ती बाई म्हणजे आजोबांची थोरली बहीण, हे त्यास कोणी तरी सांगावे लागते, आणि ते सांगू शकणारे माणूस आज ऐंशीच्या घरात आहे. जुन्या आल्बमची पाने संगणकात उतरवताना तर हे फारच जपावे. तेथे यंत्र उतरवल्याची तारीख लिहिते, लग्नाची नव्हे. फोटोच्या पाठीवर पेन्सिलने काही लिहिले असेल, तर ती पाठही उतरवून घ्यावी. फोटो फिकट झाला तर पुढे कोणी तंत्रज्ञ तो उजळून देईल. हरवलेले नाव कोणताही तंत्रज्ञ परत आणू शकत नाही.

चौथी पायरी संपादनाची. हा शब्द ग्रंथव्यवहारातून आला आहे, आणि त्याची नीतीही तेथूनच घ्यावी. भांडारकर संस्थेने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पुरी केली, तिच्या संपादकांनी मूळ पोथ्यांवर खाडाखोड केली नाही; स्वीकारलेला पाठ वर छापला आणि पाठभेद खाली दिले. छायाचित्राचे मूळ तसेच अबाधित ठेवावे. वर सांगितलेल्यांपैकी लाइटरूम आणि डार्कटेबल ही साधने हेच करतात: ‘उजेड एवढा वाढवा, कडा एवढी कापा’ अशा सूचना ती वेगळ्या लिहून ठेवतात आणि मुळाला हात लावत नाहीत. याउलट जेपेग जातीचे चित्र उघडून, बदलून, पुन्हा त्याच नावाने साठवले, तर दर खेपेस त्यातला थोडा तपशील गळतो. पुष्कळ कॅमेरे ‘रॉ’ जातीचे चित्रही देतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. म्हणून काळवंडलेला चेहरा रॉमधून पुष्कळदा वाचतो.

दुरुस्ती कोठे थांबवावी? १९८२ च्या फेब्रुवारीत ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने मुखपृष्ठाच्या उभ्या आकारात बसावेत म्हणून इजिप्तचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले आणि मोठा वाद झाला. आज तसे सरकवणे पोराटोरांनाही जमते. आमची कसोटी साधी आहे. उजेड, रंग, तिरकी कड यांची दुरुस्ती म्हणजे चष्म्याची काच पुसणे. पण जो माणूस तेथे होता त्यास काढणे, किंवा नव्हता त्यास बसवणे, ही दस्तऐवजातील फेरफार होय. हौसेने केलीच, तर तशी नोंद करावी.

पाचवी पायरी जपण्याची. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात नदीकाठच्या वस्तीत घरेच्या घरे पाण्याखाली गेली. कपाटातल्या कागदाचा तेथे काय निभाव लागणार? २००३ च्या जानेवारीत पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठारास आग लागून जुन्या चित्रपटांच्या दुर्मिळ प्रती गेल्या. म्हणून जाणकारांचा नियम असा की प्रती तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी असावी. एक प्रत संगणकात, एक सुट्या हार्ड डिस्कवर, आणि एक बहिणीच्या घरी किंवा इंटरनेटवरील साठ्यात. मात्र त्या साठ्याच्या भरवशावर बाकीच्या दोन प्रती सोडू नयेत. अशा बहुतेक सोयींत फोनवरून पुसले की तेथूनही पुसले जाते. शिवाय सोयी कायमच्या नसतात. गूगलने पिकासा २०१६ मध्ये बंद केले. गूगल फोटोजमधील अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून थांबली. म्हणून नावे आणि शब्द केवळ एखाद्या साधनाच्या वहीत न ठेवता फोटोच्या फायलीतच लिहिले जातील, अशी तजवीज करावी. वरील साधनांपैकी लाइटरूम आणि डिजिकॅम यांत ती करता येते. मग दुकान बदलले तरी खाते आपल्यापाशीच राहते.

श्रोतेहो, हे सारे एकदम करावयास गेलात, तर पहिल्या आठवड्यातच सोडून द्याल. येत्या रविवारी एकच करा. घरातील सर्वांत वडील माणसाशेजारी एक तास बसा, चाळीस-पन्नास जुने फोटो एकेक करून पुढे धरा, आणि ते जी नावे सांगतील ती तेथल्या तेथे लिहून घ्या. कप्पे लावणे, उजेड दुरुस्त करणे, हार्ड डिस्क विकत आणणे, ही कामे पुढच्या महिन्यातही होतील. नावे सांगणारे माणूस मात्र आज घरात आहे, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.