घर्षण, पोहणं आणि कोडिंग

(मंडळाच्या मासिक बैठकीत दिलेल्या भाषणाचा थोडा आटोपशीर केलेला मजकूर)



"आपली मुलं आणि इथलं शिक्षण" असा विषय मला दिला होता. तो फार मोठा आहे, म्हणून मी त्यातल्या तीनच गोष्टींवर बोलणार आहे. इंग्लंडमधला सध्याचा प्राथमिक अभ्यासक्रम सप्टेंबर २०१४ पासून लागू आहे. त्यात पाचव्या वर्षाच्या विज्ञानात घर्षण आणि पाण्याचा विरोध आहे. प्राथमिक शाळा संपेपर्यंत प्रत्येक मुलाला किमान २५ मीटर पोहता आलं पाहिजे आणि पाण्यात स्वतःला वाचवता आलं पाहिजे, असंही त्यात म्हटलंय. आणि पाच-सहा वर्षांच्या मुलांपासून साधे प्रोग्रॅम लिहिणं आणि त्यातल्या चुका शोधणं आहे. (स्कॉटलंड-वेल्सची व्यवस्था वेगळी आहे, तिकडच्या मंडळींनी माफ करावं.)

आपल्या घरांत या तिन्हींचं काय होतं? कोडिंगला शिकवणी लागते. विज्ञानाचा 'इलेव्हन प्लस'ला उपयोग नाही म्हणून ते शाळेवर सोडलं जातं. आणि पोहण्याच्या दिवशी चिठ्ठी जाते: मुलीला सर्दी आहे. मी गेली काही वर्षं एका शाळेत स्वयंसेवक म्हणून जाते. अशा चिठ्ठ्यांवरची आडनावं मला वाचता येतात, कारण ती आपली असतात.

घर्षणापासून सुरुवात करते, कारण माझी रोजीरोटी त्यावरच आहे. मी वंगणांवर संशोधन करते. आमच्या शास्त्राला 'ट्रायबॉलॉजी' हे नाव याच देशात, १९६६ च्या योस्ट अहवालातून मिळालं. पण नऊ वर्षांच्या मुलांसमोर डॉक्टरेट फारशी उपयोगी पडत नाही. मी एक वीट आणि एक ताणकाटा घेऊन जाते. वीट आडवी ठेवून ओढायची, मग कडेवर उभी करून ओढायची. कशाला जास्त जोर लागेल? सगळा वर्ग हात वर करतो: आडवीला, ती जास्त जागेला चिकटलीय! ताणकाट्यावर आकडा जवळजवळ तोच येतो. मग गोंगाट. कोणीतरी म्हणतं, काटा बिघडलाय. दुसरं म्हणतं, पुन्हा करा. हे "पुन्हा करा" ऐकण्यासाठी मी जाते. १६९९ साली आमोंताँने हाच नियम फ्रेंच अकादमीपुढे मांडला, तेव्हा तिथल्या विद्वानांनाही तो सहज पटला नव्हता. (रबर हा नियम नीट पाळत नाही. बुटाचा तळ घेऊन प्रयोग केलात तर फसगत होईल. माझी झालीय.)

मुलांची दुसरी पक्की समजूत म्हणजे घर्षण हे नेहमी थांबवणारं. खरं तर चालताना पाय जमिनीला मागे ढकलतो आणि घर्षण आपल्याला पुढे ढकलतं. जानेवारीत बर्फ गोठलेल्या फुटपाथवर चालून आलेल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही.

आता कोडिंग. एमआयटीने २००७ मध्ये आणलेलं 'स्क्रॅच' फुकट आहे, आणि त्याला शिकवणी लागत नाही. आम्ही पडद्यावर एक पुस्तक सरकवतो. प्रत्येक पावलाला वेगातून थोडं वजा करायचं, हे झालं घर्षण. पुस्तक हळू होतं, थांबतं, आणि मग उलटं पळत सुटतं! कारण शून्यातून वजा करत राहिलो की वेग ऋण होतो. वर्ग पोट धरून हसतो. मी विचारते, खरं पुस्तक असं का करत नाही? पाच मिनिटं शांतता. मग एक मुलगी म्हणाली, "घर्षण हलणाऱ्यालाच अडवतं, थांबलेल्याला कशाला ढकलेल?" तिने "वेग शून्य झाला तर थांब" ही ओळ घातली. मंडळी, ही ओळ म्हणजे भौतिकशास्त्र आहे. नंतर एकाने वजाबाकीच काढून टाकली. पुस्तक कडांवर आपटत फिरतच राहिलं, तास संपला तरी. गॅलिलिओला हे डोळ्यांनी कधी पाहता आलं नाही, त्याला ते मनात पाहावं लागलं.

सीमोर पेपर्ट यांनी १९८० च्या 'माइंडस्टॉर्म्स'मध्ये हेच मांडलं होतं. प्रोग्रॅम चुकला तर मूल नापास होत नाही, त्याला चूक शोधायला मिळते. आपण मुलांना लावतो त्या सराव-पत्रिकांत चुकीला फक्त लाल फुली मिळते. प्रमाणपत्रांचे फोटो आपल्या ग्रुपवर टाकणाऱ्यांनी एकदा मुलाला विचारावं, तुझा प्रोग्रॅम कुठे बिघडला होता?

पोहण्याबद्दल जरा जास्त बोलणार आहे.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. मळ्यातल्या विहिरीत मुलगे पाठीला रिकामा डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधून पोहायला शिकायचे. आम्ही मुली काठावर, त्यांचे कपडे सांभाळायला. आणि मुलगे म्हणजे सगळे मुलगे नव्हेत. दलित वस्तीतली मुलं त्या विहिरीत कधी उतरली नाहीत. ती लांबच्या ओढ्याच्या डोहात शिकायची. एका पावसाळ्यात त्यातला एक, माझ्याच वर्गातला, परत आला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली, आणि त्या मुलाला आमच्या विहिरीऐवजी तिकडे का जावं लागलं, हे कोणीच विचारलं नाही. मीही नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यायला गेले, हे आम्हाला तारखेसकट पाठ होतं. त्या धड्याचा आमच्या विहिरीशी संबंध जोडायला मला देश सोडावा लागला.

म्हणून इथे शाळेची बस कौन्सिलच्या तलावावर जाते, आणि वर्गातली सगळी मुलं, मुलगे-मुली, सगळ्या रंगांची, एकाच पाण्यात उतरतात, तेव्हा मला ते साधं वाटत नाही. आणि आपल्यातलेच लोक "मुलगी काळी पडेल", "क्लोरीनने केस जातात", "त्या वेळात एक व्हर्बल रीझनिंगचा पेपर होतो" म्हणतात, तेव्हा राग येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली. शाळकरी मुलांना पोहणं आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवा, हा तिच्या मुख्य उपायांपैकी एक आहे.

यातही विज्ञान आहेच. छाती भरून श्वास घेतला तर बहुतेकांचं शरीर पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं. पण शरीराचा जेवढा भाग पाण्याबाहेर काढाल, तेवढं वजन उरलेल्याला पेलावं लागतं. घाबरलेला माणूस हात उंचावतो, मान ताठ करतो, आणि खाली जातो. म्हणून इथले जीवरक्षक शिकवतात ते उलटं वाटतं: मान मागे टाका, कान पाण्यात जाऊ द्या, हात-पाय हलके हलवा, तरंगा. भिंतीला पाय देऊन हात पुढे जोडून निसटलं तर मूल बरंच पुढे जातं. तेच हात पसरले की लगेच थांबतं. पाण्याचा विरोध मी फळ्यावर इतका चांगला कधीच शिकवू शकले नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. एक्केचाळिसाव्या वर्षी मी पाण्यात उतरले. पहिले तीन आठवडे कठडा सोडला नाही. सगळी सूत्रं पाठ होती, पण मान मागे जाईना. माझी दहा वर्षांची मुलगी काठावरून ओरडत होती, "आई, श्वास घे आणि छताकडे बघ!" चौथ्या आठवड्यात छत दिसलं. त्यावरचे पोपडे अजून आठवतात.

प्रौढांचा नवशिक्यांचा वर्ग आमच्या तलावावर गुरुवारी संध्याकाळी आठला असतो. आपल्यापैकी दोघी येतात. साडी किंवा सलवार-कमीझ चालत नाही, पण अंगभर पोहण्याचा पोशाख चालतो, मी विचारून ठेवलंय. लॉकरसाठी एक पौंडाचं नाणं आणा. ज्यांना यायचंय त्यांनी चहाच्या वेळी मला नाव सांगा.